एकशे तेरावं जग

एक

एकशे तेरा नंबरचं कार्ड खणात असायला नको होतं. ज्या बाईच्या अक्षरात ते लिहिलेलं होतं ती जानेवारीत वारली होती. आणि ज्या अंकाबद्दल ते लिहिलेलं होतं तो अंक जूनमधल्या एका गुरुवारी, म्हणजे परवाच, टपालानं आला होता.

सापडलं ते मंदारला. मंदार नाशिकचा, ओरगडमच्या एका गाड्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं काम करणारा. गुंडोराव त्याच कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. दर शनिवारी सकाळी तो अड्यारला त्यांच्या घरी यायचा, त्यांच्या बायकोच्या, कनकाबाईंच्या कार्डांचे फोटो काढायचा आणि त्यांची यादी लॅपटॉपवर उतरवायचा.

कार्डं होती दीपधारीच्या जगांची. दीपधारी म्हणजे जॉर्ज टाउनमधल्या एका लहानशा छापखान्यातून एकतीस वर्षं निघणाऱ्या तमिळ चित्रकथेचा नायक. दीपगृहाचा रखवालदार, ज्याच्या तळहातात उजेड आहे. गोष्ट लिहिणारा आणि चित्रं काढणारा माणूस एकच, विजयेंद्र. हा कनकाबाईंचा तंजावरचा शेजारी, घरात मराठी बोलणारा, हुशार आणि विसराळू. चौथ्या अंकात मेलेला मंत्री त्यानं अकराव्या अंकात भाषण करताना दाखवला, तेव्हा वाचकांनी पत्रं लिहून त्याला सोलून काढलं. कनकाबाई तेव्हा शाळेत ग्रंथपाल होत्या. त्या म्हणाल्या, चूक कशाला म्हणतोस, ज्यात मंत्री मेला नाही असं ते दुसरं जग आहे, त्याला नंबर दे. तिथून जगं सुरू झाली. विजयेंद्र चुकत गेला आणि कनकाबाई नंबर देत गेल्या. जग सोळा, जिथे दीपधारी दीपधारी झालाच नाही, बसचा कंडक्टर झाला. जग एकतीस, जिथे समुद्र मरीनापासून दोन मैल मागे गेला. जग चौऱ्याऐंशी, जिथे शहरात कुणालाच सावली नाही. पुढे ही जगंच लोकांना आवडायला लागली.

शाळेच्या ग्रंथालयातून मोडीत निघालेली खणांची पेटी मधल्या खोलीत होती. रेघांच्या कार्डांवर प्रत्येक जगाच्या तीन ओळी. कोण आहे. कोण नाही. फरक कुठे पडला. आणि एक नियम होता, तो कनकाबाईंनी एकदाही मोडला नाही. जग एकदाच दिसलं तर पेन्सिल. तेच जग पुन्हा दिसलं की मग शाई. एकदाच दिसलेला भास असू शकतो, असं त्या म्हणायच्या.

"काका, यादी एकशे बारावर संपते म्हणाला होतात ना?" मंदारनं विचारलं.

गुंडोराव काफी गाळत होते. सवयीनं त्यांनी तीन टंबलर काढले होते. तिसरा परत फळीवर ठेवून ते म्हणाले, "एकशे बारा. शेवटचं कार्ड तिनं दिवाळीच्या आधी लिहिलं."

"मग हे काय आहे?"

खणाच्या अगदी मागं, शेवटच्या कार्डाच्या पाठीशी, एक जाड कार्ड उभं होतं. त्याला रेघा नव्हत्या. एक कोपरा हळदीनं पिवळा होता. समोर तोंड करून छापील गणपती होता. मंदारनं ते उलटं केलं. मागच्या बाजूला निळ्या-काळ्या शाईत कनकाबाईंचं अक्षर.

जग ११३. कोण आहे: तो, ती, लेक. कोण नाही: अजून कुणी नाही. फरक कुठे पडला: तिला काय झालंय ते त्याला माहीत आहे. तो तिला सांगत नाही.

गुंडोराव स्टुलावर बसले. काफी उतू जाऊन ओट्यावर पसरली तरी उठले नाहीत. या कार्डावरची गोष्ट कुठल्या चित्रकथेतली नव्हती. ती त्यांच्या घरातली होती, आणि डॉक्टर सोडले तर जगात ती दोघांनाच माहीत होती. त्यांना आणि त्यांच्या मुलीला.

दोन

गेल्या जुलैत डॉक्टरांनी गुंडोरावांना बाहेर बोलावून सांगितलं होतं. सहा महिने, फार तर सात. खोलीत परत जायला त्यांना वीस पावलं लागली, आणि त्या वीस पावलांत त्यांनी ठरवलं की कनकाला सांगायचं नाही. त्यांच्या आईला असंच झालं होतं, तेव्हा वडिलांनी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे कोण सांगतं? पोटात जखम आहे, गोळ्यांनी भरून येईल, असं त्यांनी सांगितलं. मुलीला, सहानालाही, तेच बोलायला लावलं.

शेवटच्या संध्याकाळी कनकाबाईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "मला एक सांगायचंय." ते म्हणाले, "उद्या सांग, आता झोप. सोमवारी तर घरी जायचंय." पहाटे त्या गेल्या.

तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. बाईनं अडतीस वर्षं संसार केला आणि जाताना तिला आपण जातोय हेही कळू दिलं नाही. कुणाचा निरोप घ्यायचा असेल, काही द्यायचं असेल, काही बोलायचं असेल. ते सगळं त्यांनी तिच्याकडून काढून घेतलं होतं. दुपारी पडल्या पडल्या त्यांना मधल्या खोलीतून टाकाची कुरकुर ऐकू यायची. चष्म्याची डबी मिटल्याचा आवाज यायचा. काल, शुक्रवारी दुपारी, मागच्या अंगणातली भांडी वाजायची थांबली आणि खण ओढल्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट. ते उठले नाहीत. पाच महिन्यांत ते अशा आवाजांना उठायचे थांबले होते. उठून गेलं की खोली रिकामी असायची, आणि ते जास्त वाईट होतं.

आता त्यांनी कनकाबाईंच्या टेबलावरून गुरुवारचा अंक उचलला. आधीचे दोन अंक तिथे तसेच पडले होते, न उघडलेले. पुस्तक-टपालाचं वेष्टन दोन्ही टोकांना उघडं असतं, त्यातून मुखपृष्ठ दिसत होतं. पलंगावर पडलेली एक बाई. गुंडोरावांनी वेष्टन फाडून अंक उभ्यानंच वाचला. दीपधारीची बायको आजारी आहे. त्याला माहीत आहे, तो सांगत नाही. शेवटच्या पानावर पलंग रिकामा आहे आणि तळहातात उजेड असलेला तो माणूस चुलीपाशी उभा राहून एकट्यापुरती काफी करतोय.

त्यांना राग आला. कुणीतरी त्यांच्या घरातली गोष्ट चोरली होती, छापली होती, आणि वर तिच्या अक्षराची नक्कल करून खणात ठेवली होती.

नक्कल करणार कोण? सहाना मराठी बोलते, पण लिहिते तमिळ. विजयेंद्रचंही तेच. मराठी लिहिणारा माणूस या घरात एकच येत होता, आणि खणाची किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला असते हे त्याला ठाऊक होतं. शिवाय ही यादी जगभरच्या वाचकांपुढे मांडायची घाई त्यालाच होती.

गुंडोराव मंदारला जे बोलले ते त्यांनी पुढे कुणाला सांगितलं नाही. मंदारनं ऐकून घेतलं, लॅपटॉप बंद केला, चार्जरची वायर गुंडाळली. दारात चप्पल घालताना म्हणाला, "काका, कारखान्यात तुम्हीच शिकवलं होतंत. तडा गेलेला भाग हातात आला की कुणी तोडला हे विचारायचं नाही, तडा कुठून सुरू झाला ते बघायचं. मी नक्कल केली असती तर पेन्सिलनं केली असती. हे जग एकदाच दिसलंय, याच अंकात. ज्याला काकूंचा नियम माहीत आहे तो शाई कशाला वापरेल?"

तो गेल्यावर गुंडोरावांनी कार्ड खिडकीशी नेलं. पोरगं बरोबर बोललं होतं. शाई चुकीची होती. आणि 'अजून कुणी नाही' हेही चुकीचं होतं. अंकात शेवटी पलंग रिकामा आहे. अंक वाचून लिहिणाऱ्यानं 'कोण नाही' पुढे 'ती' लिहिलं असतं. म्हणजे लिहिणाऱ्यानं अंक पाहिलेलाच नव्हता.

मग त्यांनी गणपतीची बाजू वाचली. लग्नपत्रिकेचा तुकडा होता. शेजारच्या गुरुमूर्तींच्या मुलीचं लग्न, मुहूर्त एकोणतीस जानेवारी.

कनकाबाई एकोणीस जानेवारीला गेल्या होत्या.

तीन

सहाना वेळचेरीला राहायची. गुंडोराव कळवल्याशिवाय कधी जात नसत, म्हणून त्यांना दारात पाहून ती घाबरली. त्यांनी बसायच्या आधीच कार्ड तिच्या हातात दिलं. मराठी अक्षर तिला लावत लावत वाचावं लागलं. 

त्यांनी विचारलं, तू कुणाला सांगितलंस? ती आधी तमिळमध्ये चिडली, मग मराठीत रडली. तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. सात महिने अम्माच्या समोर हसत बसायचं आणि घरी येताना बसमध्ये तोंडाला पदर लावायचा, हे तिनं केलं होतं ते अप्पांच्या सांगण्यावरून. "तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत," ती म्हणाली. "आणि आता विचारताय, खरं कुणाला सांगितलं म्हणून."

 त्यांनी कार्ड उलटं करून गणपती दाखवला आणि तारखेचं विचारलं. लग्न ती गेल्यानंतर दहा दिवसांनी झालं, मग पत्रिका तिच्या हातात कशी?

सहानानं डोळे पुसले. "लग्न नंतर झालं, पण पत्रिका आधी आली नव्हती का? गुरुमूर्ती मामा पत्रिकेचं ताट घेऊन हॉस्पिटलात आले होते. घरी कुलूप होतं म्हणून. चार तारीख होती, तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात. अम्मानं पत्रिका ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी नर्सकडे कात्री मागितली. मला वाटलं, हा पिळ्ळैयार, गणपती, उशाशी ठेवायला कापतेय. किती जपून कापत होती, देवाला कात्री लागू नये म्हणून."

तारखेचं कोडं सुटलं. गुंडोरावांना हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मग नक्कल नव्हतीच. अक्षर तिचंच होतं. हॉस्पिटलात रेघांची कार्डं नव्हती म्हणून तिनं पत्रिका कापली. आणि तेव्हा ती होती, म्हणून 'अजून कुणी नाही'.

पण जूनमधल्या अंकाची गोष्ट तिला जानेवारीत कशी कळली? आणि त्याहून मोठा प्रश्न त्यांना मनातसुद्धा धड विचारता येईना.

सहानानंच विचारलं. "सहा तारखेला विजयेंद्र मामा आले होते. अम्मानं मला चहा आणायला पाठवलं. परत आले तर दोघं गप्प. जाताना मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, काही न बोलता. तेव्हाच मला वाटलं, यांना कळलंय. मी सांगितलं नव्हतं. अप्पा, तुम्ही सांगितलं होतंत का?"

गुंडोरावांनी मान हलवली. त्यांनीही सांगितलं नव्हतं.

चार

जॉर्ज टाउनमधला तो छापखाना कागदाच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामावर होता. खाली हातगाड्या, हमाल, कागदाच्या थप्प्या, आणि वर अरुंद जिना. विजयेंद्र पंख्याखाली बनियनवर बसला होता, एक पाय स्टुलावर पसरून.

"ये रे गुंडो," तो म्हणाला. "दोन दिवस वाट बघतोय तुझी. अंक गुरुवारी मिळाला असेल. बूट काढून मारणार असशील तर आधी काफी पी, ताकद लागेल."

गुंडोरावांनी अंक त्याच्यासमोर टाकला. विजयेंद्रचा चेहरा उतरला. त्यानं हात जोडल्यासारखे केले आणि सरळ सांगितलं की गोष्ट त्याची नाही. सहा जानेवारीला कनकानं ती त्याला तोंडी सांगितली, पानं ठरवून दिली, मुखपृष्ठावर पलंगावरची बाई हवी म्हणून बजावलं. एकतीस वर्षांत मुखपृष्ठावर कधी बाई आली नव्हती. फक्त शेवट तिनं सांगितला नाही. तो तुला नंतर दिसेल, म्हणाली. शेवटचं पान त्यानं तेराव्याच्या जेवणाला गुंडोरावांच्या घरी गेला तेव्हा पाहिलं होतं. गुंडोराव चुलीपाशी पाठ करून उभे होते.

"म्हणजे तिला माहीत होतं," गुंडोराव म्हणाले. पाच महिने जे विचारायची भीती वाटत होती ते विधान होऊन बाहेर पडलं.

"ऑगस्टपासून."

"कुणी सांगितलं?"

"तू." विजयेंद्रनं काफीचा टंबलर त्यांच्यापुढे सरकवला. "अरे, एकतीस वर्षं तिनं माझ्या चुका पकडल्या. कुठल्या पानावर मंत्र्याला मिशी आहे आणि कुठल्या नाही, हे झोपेत सांगायची. आणि तुझी चूक पकडणार नाही? जुलैत तू म्हणालास पोटात जखम आहे, सहा आठवड्यांच्या गोळ्या. ऑगस्टात म्हणालास, डॉक्टर पहिल्यापासून तीन महिने म्हणत होते. गुरुमूर्तीला तिच्यादेखत सांगितलंस, आतड्याला सूज आहे. मला म्हणाली, विजू, तीन जगं झाली. खरं असतं तर एकच असतं."

खाली एका हमालानं थप्पी टाकली, खिडकीची तावदानं हलली. गुंडोरावांनी टंबलर हातात घेतला.

"मग मला का नाही विचारलं तिनं?"

"तेच मी म्हटलं. तर हसली. म्हणाली, विचारलं तर तो खरं सांगेल आणि मग कोपऱ्यात तोंड घालून बसेल. आत्ता खोटं बोलायचं म्हणून रोज दुपारी तासभर जवळ येऊन बसतो. मे महिन्यात तंजावरला जाऊ, घराला रंग देऊ, काय काय सांगतो. अडतीस वर्षांत इतकं बोलला नव्हता. ते कशाला थांबवू?"

गुंडोरावांनी काफी संपवली. ती केव्हाच थंड झाली होती. मग तपासनीसाच्या सवयीनं त्यांनी राहिलेलं विचारलं. कार्ड खणात तूच ठेवलंस ना?

विजयेंद्रला कार्डाबद्दल काहीच माहीत नव्हतं. हातात घेऊन त्यानं ते दोनदा वाचलं आणि डोळ्यांवरून हात फिरवला. तेराव्यानंतर तो त्या घरी गेलाच नव्हता. या गुडघ्यानं इथला जिना उतरणंसुद्धा जिवावर यायचं. पण तो हॉस्पिटलातून निघताना कनका एक म्हणाली होती, ते त्याला आता आठवलं. 'अंक आला की जागेवर लागेल, तशी सोय केलीय.'

मेलेल्या बाईनं सोय केली होती. कुणाकडून?

पाच

रविवारी सकाळी गुंडोरावांनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि स्टुलावर बसले. या वेळी त्यांनी तडा कुठून सुरू झाला तेवढंच बघायचं ठरवलं.

अंक गुरुवारी आला, कार्ड शनिवारी सापडलं. मधे घरात आलेली माणसं मोजकी. मंदार शनिवारीच आला, आणि त्यानं ते शोधून काढलं. सहाना शुक्रवारी संध्याकाळी आली, रसम देऊन लगेच गेली. पण खणाचा आवाज दुपारी आला होता. तो भास नव्हता, कारण दुसऱ्या दिवशी कार्ड हातात आलं होतं.

मग त्यांनी कार्ड कसं उभं होतं ते आठवलं. गणपती समोर, अक्षर मागे. बाकीची एकशे बारा कार्डं अक्षर समोर करून लावलेली, नंबर वरच्या कोपऱ्यात. खण उघडणाऱ्या कुणालाही ते दिसतं. ज्याला कार्ड म्हणजे काय हे माहीत आहे तो नंबर समोर करून ठेवील. या माणसानं मात्र उलटं ठेवलं. घाई म्हणावी तर तीही नाही, कारण कार्ड नीट सरळ उभं होतं, शेवटच्या जागी. उलटं मुद्दाम ठेवलेलं होतं. अक्षरापेक्षा ज्याला गणपती मोठा, अशा माणसानं.

आवाजाच्या आधी भांडी वाजायची थांबली होती.

सुंदरी मागच्या अंगणात तांदूळ धूत होती. बावीस वर्षं ती या घरात काम करत होती. गुंडोराव दारात येऊन उभे राहिले तेव्हा तिनं मान वर केली आणि त्यांच्या हातातलं कार्ड पाहून पदराला हात पुसले. जणू पाच महिने याच प्रश्नासाठी थांबली होती.

तिनं तमिळमध्ये सांगितलं ते असं. शेवटच्या आठवड्यात ती हॉस्पिटलात कांजी घेऊन जायची. अम्मानं एका पाकिटात घालून हे दिलं. जॉर्ज टाउनचं पुस्तक येतं त्यावर नेहमी हातात दिवा घेतलेला माणूस असतो, ज्यावर बाई असेल ते पुस्तक आलं की हे खणात सगळ्यात मागं ठेव. त्याआधी नाही. दोन पुस्तकं आली, त्यांवर तोच माणूस होता. गुरुवारी पोस्टमननं तिसरं दिलं, त्यावर बाई होती. शुक्रवारी अय्या पडले होते तेव्हा तिनं ठेवलं.

"माझ्या हातात का नाही दिलंस?" त्यांनी विचारलं.

"अम्मा म्हणाल्या, हातात देऊ नको. दिलेलं ते मानत नाहीत, शोधलेलं मानतात." सुंदरीनं तांदळातलं पाणी ओतलं. "आणि विचारलं तरच सांग, म्हणाल्या."

"उलटं का ठेवलंस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "पिळ्ळैयाराचं तोंड मागं करून कसं ठेवायचं, अय्या?"

गुंडोराव पायरीवर बसले. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ते हसले, आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला. सुंदरीनं पाठ वळवली आणि तांदूळ पुन्हा धुवायला घेतले. ते धुऊन झालेले होते.

तरीही एक गोष्ट राहिलीच होती. शाई.

दुपारी ते पडले नाहीत. कार्ड समोर घेऊन बसले. कनकानं आयुष्यात नियम मोडला नव्हता, मग शेवटच्या कार्डाला का मोडला? पुन्हा लिहायला मी नसेन, असं म्हणून? तेवढ्यावर ती मानणारी नव्हती. उद्या मरायचं असतं तरी तिनं पेन्सिलच घेतली असती. शाई म्हणजे जग दोनदा दिसलेलं. एकदा विजयेंद्रच्या अंकात. म्हणून तर तिनं सुंदरीला थांबायला सांगितलं, अंक येईपर्यंत शाई खरी ठरत नव्हती. ते झालं एकदा. दुसरं कुठे?

उत्तर मिळालं तेव्हा ते इतकं जवळ होतं की त्यांना खोलीभर बघावं लागलं. पलंग, खुर्ची, खिडकी. रोज दुपारी ते ज्या खुर्चीवर बसून मे महिन्याचे बेत सांगायचे ती खुर्ची. अंकातलं दिसणं दुसरं होतं. पहिलं या घरात. तिनं ते पाहिलं होतं, ऑगस्टपासून, रोज, तासभर. पाहून शाईनं लिहिलं होतं आणि योग्य जागी लावून दिलं होतं. त्या संध्याकाळी तिला जे एक सांगायचं होतं आणि त्यांनी उद्यावर टाकलं, ते तिनं उद्यावर टाकलंच नव्हतं.

मधल्या खोलीत शांत होतं. टाकाची कुरकुर आली नाही. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली.

सहा

गुंडोरावांनी मंदारला फोन केला आणि माफी मागितली. मंदार म्हणाला, काका, राहू द्या, काफी नीट गाळा म्हणजे झालं, मागच्या वेळी सगळी ओट्यावर गेली.

शनिवारी तो आला. गुंडोरावांनी त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. आधी जड गेलं, मग सोपं झालं. मंदारनं लॅपटॉप उघडला. त्याच्या यादीत पेन्सिलची जगं राखाडी होती आणि शाईची काळी.

"एकशे तेरा घ्यायचं का? घरातली गोष्ट आहे," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं."

"घे. काळ्या अक्षरात. शाईत आहे ते."

मंदारनं खण ओढला. एकशे तेरा नंबरचं कार्ड अजून गणपती समोर करूनच उभं होतं, गुंडोरावांनी ते फिरवलं नव्हतं. त्यामागं आणखी एक होतं. रेघांचं, शाळेच्या जुन्या गठ्ठ्यातलं. अक्षर कनकाबाईंचं नव्हतं. पेन्सिलनं, जरा जोर देऊन लिहिलेलं होतं, खोडून पुन्हा लिहिलेलं.

जग ११४. कोण आहे: दोघं. कोण नाही: पुढे माहीत नाही. फरक कुठे पडला: वीस पावलं चालून तो खोलीत येतो आणि तिला सांगतो.

मंदारनं ते वाचून कार्ड वर धरलं.

"आणि हे, काका?"

"ते राहू दे," गुंडोराव म्हणाले. "ते एकदाच दिसलंय."